उत्पन्नाच्या दाखल्यापलीकडे

हे पुस्तक उघडणारे बहुतेक जण समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात नुकते आलेले असतील. काहींची एमएसडब्ल्यूची दोन वर्षे संपत आली असतील आणि पुढे संशोधनाकडे वळावे का, या विचारात ते असतील. अशा वेळी घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो : समाजसेवा करायची तर कर, त्यात पीएच.डी. कशाला? मलाही तो विचारला गेला होता आणि तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते. गरिबी आणि सामाजिक धोरण या एकाच विषयाभोवती तीस वर्षे काढल्यावर आता ते थोडेफार देता येईल असे वाटते. ही प्रस्तावना त्यासाठीच लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका वाडीवर आमचे सर्वेक्षण चालू होते. प्रश्नावलीत नेहमीचा प्रश्न होता, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती. एका मावशींना तो विचारला. त्या उठल्या, फडताळातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला असे एकेक कागद बाजूला करत तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला माझ्यापुढे ठेवला. "यावर लिहिलंय तेवढंच धरा ताई," त्या म्हणाल्या. दाखल्यावर वीस हजार होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही अकरा घरे केली. अकराही घरांत उत्पन्नाचा आकडा अठरा ते एकवीस हजारांच्या आतच आला.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली. महिन्याला १,७५०. त्याच्या वर गेलात तर विधवा असा, अपंग असा, अर्ज फेटाळला जाणार. ही माणसे खोटे बोलत नव्हती. कोणत्या आकड्याला दार उघडते हे त्यांना अनुभवाने पाठ झाले होते आणि वही-पेन घेऊन दारात उभी असलेली मी त्यांच्या लेखी सरकारचीच माणूस होते.

मी तो प्रश्न खोडला. मावशींना म्हटले, परवाच्या बाजाराला काय काय घेतलं ते सांगा. मग मोकळे बोलणे सुरू झाले. तेल सुटे, दहा-दहा रुपयांचे, आठवड्यातून दोनदा. तूरडाळ दिवाळीपासून बंद, मसूर चालू. साखर फक्त चहापुरती. दुकानदाराच्या वहीत किती मांडले आहे ते त्यांना रुपयापर्यंत तोंडपाठ होते. लेकीच्या बाळंतपणात गळ्यातले डोरले गहाण पडले, ते अजून सुटले नव्हते. दीड तासाने मी उठले तेव्हा माझ्याकडे दोन कागद होते. एकावर शासनाला ठाऊक असलेले घर होते, दुसऱ्यावर दुकानदाराला ठाऊक असलेले. आपल्या अभ्यासाचा विषय या दोन कागदांच्या मधल्या जागेत आहे.

मराठीत 'गरीब' हा शब्द स्वभावालाही लावतात. गरीब गाय, गरीब स्वभावाची सून, असे आपण सहज म्हणून जातो. म्हणजे जो उलटून बोलत नाही, मागत नाही, तो गरीब. पैशाचा अभाव आणि आवाजाचा अभाव आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवले आहेत. त्यामुळे एखाद्या घरी जाऊन 'तुम्ही गरीब आहात का' असे विचारले तर माणूस बिचकतो. तेच 'हातावर पोट' म्हटले की लगेच मान हलते. आज काम मिळाले तर आज चूल पेटेल, ताप आला तर दोन दिवस खाडा आणि दोन दिवसांची उसनवारी, एवढे सगळे त्या दोन शब्दांत आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असुरक्षितता म्हणून जे प्रकरण असते, ते मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, या दोन शब्दांत सांगेल. तुमच्या संशोधनाच्या प्रश्नांची भाषा इथून यावी, असे मी दरवर्षी वर्गात सांगते.

मोजणीचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तो आपल्या अंगणात घडला आहे. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईत 'पॉव्हर्टी ऑफ इंडिया' हा निबंध वाचला. १८६७-६८ च्या आकड्यांवरून हिंदी माणसाचे डोईउत्पन्न त्यांनी वर्षाला २० रुपये काढले आणि त्याशेजारी तुरुंगातल्या कैद्याला जगवायला लागणारा खर्च ठेवला. प्रांताप्रांताप्रमाणे जगण्यापुरता खर्च त्यांच्या हिशेबात १६ ते ३५ रुपयांच्या दरम्यान येत होता. कैद्याला जेवढे मिळते तेवढेही मोकळ्या रयतेला मिळत नाही, हे त्यांनी सरकारच्याच दप्तरातले आकडे घेऊन सरकारला दाखवले. गरिबीची मोजदाद हा आपल्याकडे पहिल्यापासून सत्तेला जाब विचारण्याचा मार्ग होता, हे नव्या अभ्यासकाने मनात पक्के करून ठेवावे. इंग्लंडात सीबोम राऊंट्रीने यॉर्क शहराची घरोघर पाहणी केली ती १८९९ मध्ये, म्हणजे पुष्कळ नंतर.

मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते ते हॅरॉल्ड मान यांचे काम. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हे प्राचार्य. पवना नदीकाठच्या पिंपळे सौदागर या खेड्यात जाऊन त्यांनी घर न् घर, तुकडा न् तुकडा पाहिला आणि १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हे पुस्तक काढले. गावात १५६ खातेदार होते आणि त्यांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते. त्यांतले ४६३ तुकडे एकरापेक्षाही लहान होते. वाटण्या होत होत बांध जवळ सरकत आले होते आणि औत वळवायलाही जागा पुरत नव्हती. पण मला या पुस्तकात जे फार मोलाचे वाटते ते वेगळेच. मान यांनी इंग्लंडातली किंवा पुण्यातली राहणी गावाला लावली नाही. या गावात माणसासारखे जगायला काय काय लागते, हे गावकऱ्यांच्या स्वतःच्या अपेक्षेवरून त्यांनी ठरवले आणि मग शेतीत ते भागते का हे तपासले. बहुसंख्य घरांचे भागत नव्हते. आज त्याच पिंपळे सौदागरमध्ये पंधरा-वीस मजली इमारती उभ्या आहेत. त्या बांधणारे मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्यासाठी मान यांचा प्रश्न पुन्हा विचारायला हवा, आणि तो तुमच्यापैकी कुणीतरी विचारावा.

तिथून काही किलोमीटरवर, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज २,२५० कॅलरी मिळायच्या तर किती खर्च लागेल, हे त्यांनी काढले. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. या हिशेबाने ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसे रेषेखाली होती. 'दारिद्र्यरेषा' हा शब्द घराघरांत गेला, आणि पुढे तर 'आमचं नाव रेषेखाली आहे का' असे लोक ग्रामसेवकाला विचारू लागले.

रेषा मात्र सरकवता येते. २०११-१२ या वर्षासाठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये ही रेषा धरली, तेव्हा देशात २१.९ टक्के लोक गरीब ठरले. रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी ९७२ आणि १,४०७ रुपये धरले, तर प्रमाण २९.५ टक्के झाले. वर्ष तेच आणि पाहणीही तीच होती, पण नऊ कोटींहून अधिक माणसांची गणती बदलली. विद्यार्थी हा आकडा ऐकून म्हणतात, मग खरे कोणते? मी त्यांना सांगते की दोन्ही समित्यांची गणिते बरोबर आहेत. भांडण गणिताचे नाही. किती खायला मिळाले, किती शिकायला मिळाले, आजारपणाला किती खर्च करता आला म्हणजे पुरे, हे कुणीतरी ठरवले आहे. ते कुणी आणि कशाच्या आधारावर ठरवले, हे शोधून काढणे हा धोरणाचा अभ्यास.

इथे समाजकार्याचे वेगळेपण सुरू होते. अर्थशास्त्रज्ञाचा हात धरूनच आपण मोजायला शिकलो, ते ऋण मानले पाहिजे. पण आपली वाट दुसऱ्या दारातून आली आहे. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ. त्यांनी १९२६ साली मुंबईच्या नागपाड्यात गिरणी-गोदी कामगारांच्या वस्तीत शेजारघर, म्हणजे वस्तीतल्या लोकांसाठीचे सेवाकेंद्र, काढले. त्याच नागपाड्यात १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. पुढे १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आले, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आली. या सगळ्या शिक्षणाचा कणा क्षेत्रकार्य आहे. आठवड्याचे दोन दिवस वस्तीत, दवाखान्यात, न्यायालयात, निरीक्षणगृहात घालवायचे आणि रात्री त्याचा अहवाल लिहायचा. विद्यार्थी त्या अहवालांना कंटाळतात. पण पुढे संशोधनात उतरलेल्या माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी मला सांगितले आहे की त्यांचा संशोधनाचा प्रश्न त्या जुन्या वहीतच सापडला.

क्षेत्रकार्याने एक गोष्ट अंगवळणी पडते : धोरणाकडे खालून पाहणे. मंत्रालयात योजना जन्मते, शासन निर्णय निघतो, परिपत्रके येतात, आणि अखेर ती एका खिडकीशी येऊन थांबते. खिडकीच्या आत एक कारकून असतो, त्याच्यावर कामाचा ढीग असतो. बाहेर एक बाई असते, तिने आजची मजुरी बुडवलेली असते. कायदा कागदावर काहीही असो, त्या दोघांत जे घडते तेच तिच्यासाठी धोरण असते. तुमची संशोधक म्हणून जागा तिथे, दोघांनाही पाहता येईल अशी.

महाराष्ट्राने या विषयाला दिलेली सर्वांत मोठी देणगी, रोजगार हमी योजना, या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तेव्हा वाटलेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी आठवेल. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी कामे गावोगावी निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्याआधीच वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती आणि सांगलीतल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने ती राज्यभर नेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणे ही राज्याची कायदेशीर जबाबदारी झाली. पैसा कुठून आला, हेही विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे. १९७५ पासून नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. पगाराच्या चिठ्ठीत आजही जी ती कपात दिसते, तिची सुरुवात रोजगार हमीसाठी झाली. शहरातल्या पगारातून दुष्काळी भागातल्या मजुराची हजेरी निघाली. २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव पुढ्यात होता.

या योजनेत कुणाला दारिद्र्यरेषेचा दाखला मागितला जात नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. भर उन्हात खडी फोडायला जो तयार आहे त्याची गरज वेगळी सिद्ध करायची नाही, एवढा विश्वास त्या रचनेत होता. त्याउलट १९९७ मध्ये रेशनव्यवस्थेत गरीब आणि बिगरगरीब अशी वाटणी झाली, १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली, आणि पिवळ्या कार्डासाठी वार्षिक १५,००० रुपयांची मर्यादा ठरली. तेव्हापासून पात्र असून वगळलेली घरे आणि अपात्र असून आत शिरलेली घरे, हा प्रत्येक ग्रामसभेतला वाद झाला आहे. अपात्र माणूस आत शिरला तर वर्तमानपत्रात बातमी होते. पात्र माणूस बाहेर राहिला तर तो गप्प घरी बसतो. माझे ठाम मत असे की दुसरी चूक कितीतरी मोठी आहे, आणि तिचा माग काढायला समाजकार्याचा अभ्यासकच हवा, कारण ती माणसे कोणत्याच यादीत सापडत नाहीत.

पद्धतीचा एक धडा ऊसतोड कामगारांनी मला दिला. बीड जिल्ह्यातल्या गावांत तुम्ही दिवाळीनंतर पाहणीला गेलात तर म्हातारी माणसे, काही मुले आणि कुलूप लावलेली घरे भेटतील. घरची कर्ती माणसे मुकादमाची उचल फेडायला टोळीबरोबर कारखान्यावर गेलेली असतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे पाहणी कोणत्या महिन्यात केली यावर गावात गरीब किती हे ठरते. दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. उचल देताना मुकादम 'कोयता' हे माप धरतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तोडणीचा दर जोडीचा, हिशेब नवऱ्याच्या नावावर. पहाटे तीनला उठून भाकरी थापून, मग दिवसभर उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईची मजुरी वेगळी कुठेच लिहिलेली नसते. तुमच्या तक्त्यात 'कुटुंबाचे उत्पन्न' असा रकाना असेल तर मुकादमाच्या वहीतला अन्याय तुमच्या प्रबंधातही जसाच्या तसा उतरेल. बाईला वेगळे विचारा, वेगळे लिहा, आणि शक्य असेल तर ती एकटी असताना विचारा.

एकटी असताना, हे मी चुकून शिकले. सुरुवातीच्या काळात एका गावात वेळ वाचवण्यासाठी मी पारावरच प्रश्न विचारायला बसले. एका तरुण विधवेला कर्जाचा प्रश्न विचारला, तिने खरे उत्तर दिले, आणि शेजारी बसलेल्या तिच्या दिराला त्या दिवशी पहिल्यांदा कळले की तिने बचत गटाबाहेरूनही पैसे उचलले आहेत. पुढचे काही महिने तिला काय सोसावे लागले ते मला नंतर समजले. माझ्या अहवालात तिचे नाव कुठेही नव्हते, संशोधनाचे सगळे लिखित नियम मी पाळले होते. तरीही माझ्यामुळे तिचे नुकसान झाले आणि ते भरून काढणे माझ्या हातात नव्हते. या पुस्तकातले नीतिमत्तेचे प्रकरण मी सर्वांत आधी लिहिले, त्यामागे ती बाई आहे.

आता या वाटेवरच्या पोटापाण्याबद्दल, कारण ते लपवून ठेवणे बरोबर नाही. नेट किंवा सेट, मग पीएच.डी., मग कायम जागेची वाट पाहणे, हा प्रवास लांबतो. पुष्कळ हुशार मुले-मुली वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टीच्या महिन्यांत त्यांना मानधन मिळत नाही. श्रमाच्या अनिश्चिततेवर व्याख्यान देणारा शिक्षक स्वतः त्याच अनिश्चिततेत असतो. याबद्दल विद्यापीठांनी आणि शासनाने लाज बाळगून काहीतरी केले पाहिजे. तुम्ही या क्षेत्रात या, असे सांगताना तुमच्या मार्गदर्शकाला शिष्यवृत्ती, प्रकल्पातली नेमणूक आणि पुढच्या जागा यांविषयी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा, असेही मी सांगेन.

आणि मराठीत लिहा. इंग्रजी नियतकालिकात लेख यावा लागतो, त्यावर बढती ठरते, हे मला माहीत आहे. पण ज्या वाडीने तुम्हाला दीड-दीड तास दिला तिला त्यातली एक ओळ वाचता येत नाही. प्रबंध झाल्यावर चार पानांचा मराठी सारांश करा, ग्रामसभेत वाचून दाखवा, लोक चुका काढतील त्या मांडून घ्या. आमच्या एका अभ्यासात अशा वाचनात एका आजोबांनी उठून सांगितले की आमच्या यादीत पारधी वस्ती नाही. खरोखरच नव्हती. ग्रामपंचायतीच्या नकाशावर ती नव्हती, म्हणून आमच्याही नमुन्यात आली नाही. आम्ही पुन्हा गेलो आणि सतरा घरे जोडली.

पुढच्या प्रकरणांचा क्रम तुम्ही आपल्या सोयीने बदललात तरी चालेल. संख्याशास्त्राची ज्यांना भीती वाटते त्यांनी चौथे प्रकरण शेवटी वाचावे, पण वाचावे, सोडू नये. आकडा येत नसेल तर खिडकीच्या आतल्या माणसाशी तुम्हाला वाद घालता येणार नाही.

एवढी एक विनंती आहे. पहिले प्रकरण वाचण्याआधी आपल्या जवळच्या रेशन दुकानात धान्यवाटपाच्या दिवशी तासभर जाऊन उभे राहा. वही काढू नका, कुणाला काही विचारू नका. धुण्याभांड्यांनी किंवा सिमेंटने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्रावर जिचा अंगठा लागत नाही अशी एखादी बाई बहुधा तुम्हाला दिसेल. ती किती वेळा अंगठा पुसून पुन्हा लावते, दुकानदार तिला काय सांगतो, आणि ती धान्य घेऊन परत जाते की रिकामी पिशवी घेऊन, एवढे पाहा. मग घरी येऊन हे पुस्तक उघडा.